धोरण राजधानीत, परीक्षा फळ्यापुढे

शिक्षणाचे धोरण राजधानीत जन्म घेते. त्याची परीक्षा मात्र गावच्या शाळेतील फळ्यापुढे होते. १९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्यास राज्यांनी झटावे, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मातृभाषेचे माध्यम मान्य केले, पण ‘व्यवहार्य असेल तेथवर’! २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हटले. तेथेही ‘शक्य असेल तेथे’ आहेच.

हे ‘शक्य’ ठरवितो कोण? पुस्तके वेळेवर आली नाहीत, त्या भाषेचा शिक्षक नेमला नाही, प्रशिक्षणवर्ग परक्या भाषेत भरला, की शक्य तेही अशक्य होते. कलम मात्र कागदावर अबाधित राहते!

म्हणून आमचे सांगणे इतकेच : धोरणाची भाषा वाचून हुरळून जाऊ नका. शाळेत जा, शिक्षक किती, पुस्तके कोणत्या महिन्यात आली, हे विचारा. उणीव दिसेल ती लेखी मांडा. ३५०-ब कलमाखालील विशेष अधिकारी याच चौकशीसाठी आहे. मागितल्यावाचून हक्क वर्गात पाऊल टाकीत नाही.