बहुरूपी माशी
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



दारी येणारा बहुरूपी कधी फौजदार होई, कधी साधू. फौजदाराला पाहून घरातली माणसे क्षणभर दचकत, कारण खऱ्या फौजदाराचा धाक मनात आधीपासून असे. निसर्गातही असा एक बहुरूपी आहे. बंगळूरच्या लालबागेत आणि गच्चीवरील झेंडूच्या कुंडीतही तो भेटतो. अंगावर पिवळे-काळे पट्टे, फुलाफुलांवर येरझारा, तीच गुणगुण. मूल ओरडते, ‘मधमाशी!’ आणि मोठ्यांचा हात चपलेकडे जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा ती सिरफिड माशी असते. तिला नांगी नाही, विष नाही.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. परंतु निरखून पाहणारा फसत नाही. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, सिरफिड माशीला एकच; मागच्या पंखांच्या जागी गदेसारखे दोन इवले अवयव असून उडताना ते तोल सांभाळतात. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, हिच्या अगदी आखूड. हिचे टपोरे डोळे डोक्याचा बराचसा भाग व्यापतात. मधमाशी मागच्या पायांवर परागाचे गोळे वाहून नेते. ही पराग आणि मधुरस जागच्या जागी खाते. सर्वांत सोपी खूण तिच्या उड्डाणात आहे. ती हवेत टांगल्यासारखी स्थिर राहते, निमिषात बाजूला सरकते आणि पुन्हा स्थिर होते.

हे सोंग कशासाठी? हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून 1862 साली याचे उत्तर मांडले. निरुपद्रवी जीव त्रासदायक जीवासारखा दिसला, तर शत्रू त्याला टाळतो. पुढे 1962 साली जेन आणि लिंकन ब्राउअर यांनी भेकांवर प्रयोग केले. मधमाशी गिळताना नांगीचा अनुभव आलेले भेक नंतर तिच्यासारख्या दिसणाऱ्या माशीलाही बहुधा तोंड लावीनात. ज्यांना तो अनुभव नव्हता, ते तीच माशी सहज खात. म्हणजे माशीचे रक्षण तिच्या पट्ट्यांत नसून शत्रूच्या स्मरणात असते. ते स्मरण ताजे ठेवते खरी मधमाशी. अस्सल संपले, तर सोंगही निरर्थक ठरते.

या माशीचे बालपण तर याहून नवलाचे. अनेक जातींच्या माश्या मावा लागलेल्या रोपांवर अंडी घालतात आणि एकेक अळी वाढताना शेकडो मावा फस्त करते. मोहरी, कोबी, गुलाब यांची ही फुकटची राखण! एरिस्टॅलिनस गटातील माश्यांच्या अळ्या मात्र कुजक्या, साचलेल्या पाण्यात वाढतात. शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून त्या श्वास घेतात आणि कुजलेल्या पदार्थांवर जगतात. मोठेपणी याच माश्या फुलांवर येऊन परागीभवनास हातभार लावतात.

बंगळूरकरांना हा विषय परका नाही. हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमध्ये पिकांच्या अशा कीटकमित्रांचा अभ्यास चालतो. तरीही त्याच शहरात उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मधमाश्यांचे पोळे दिसताच धूर आणि औषधाची मागणी होते. आग्याची भीती अनाठायी नाही. तिचे दंश जिवावर बेतू शकतात. म्हणून पोळ्यापासून मुलांना दूर ठेवावे आणि जाणकाराला बोलवावे. पण बागेतील फुलांवर सरसकट फवारलेले औषध मधमाशी, सिरफिड आणि मावा यांत भेद करीत नाही. मावा झपाट्याने पुन्हा वाढतो. त्याला खाणारे मात्र सावकाश परततात. फवारणाऱ्याला मग पुन्हा फवारावे लागते.

शाळेच्या साठ वर्षांत येथून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज रहिवासी संघांच्या समित्यांवर आहेत. बागेत काय फवारायचे, याचा ठराव त्यांच्याच सहीने होतो. सही करण्यापूर्वी त्यांनी फुलांपाशी दहा मिनिटे उभे राहावे, सोबत मुलांना न्यावे आणि पंख मोजावेत. दोन की चार, एवढे पाहण्याची सवय लागली, तरी चपलेकडे जाणारा हात थांबेल आणि पंपाकडे जाणाराही.