गोळीपासून रक्तापर्यंत

गोळी गिळली म्हणजे औषध शरीरात गेले, असे आपण समजतो. वस्तुतः ते फक्त पोटात गेलेले असते. आतड्याचे अस्तर ओलांडून ते रक्तात मिसळेपर्यंत हृदयाशी त्याचा काहीही संबंध येत नाही. डिजॉक्सिनच्या बाबतीत हा भेद रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. कारण त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रांमध्ये फारच थोडे अंतर असते.

हे औषध मूळचे हृत्पत्रीचे, म्हणजेच डिजिटॅलिसचे. बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये तिच्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काढ्याचा परिणाम एकसारखा येत नाही, हे पाहून त्यांनी वाळलेल्या पानांच्या चूर्णाला पसंती दिली. पाने खुडायची तीही फुलोऱ्याच्या सुमारास, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिस लॅनाटा या जातीच्या पानांतून शुद्ध डिजॉक्सिन वेगळे केले. आता पाव मिलिग्रॅम म्हणजे पाव मिलिग्रॅमच, असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन लिंडेनबॉम आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या कारखान्यांच्या गोळ्या निरोगी माणसांना देऊन त्यांचे रक्त तपासले, तेव्हा औषधाच्या पातळीत सातपटीपर्यंत तफावत आढळली. एकाच कारखान्याच्या दोन खेपाही सारख्या नव्हत्या. वेष्टनावरील आकडा मात्र सर्वत्र तोच!

याचे कारण साधे आहे. डिजॉक्सिन पाण्यात अत्यल्प विरघळते, आणि जे विरघळत नाही ते शोषले जात नाही. खडीसाखरेचा खडा आणि तेवढीच पिठीसाखर पाण्यात टाकून पाहावी. कोणती आधी विरघळते हे सांगावयास नको. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २० मायक्रॉनचा एक कण दळून २ मायक्रॉनचे कण केले, तर त्याचे हजार कण होतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग दसपट होतो. गोळीचे शोषण सुधारण्याचा प्रमुख मार्ग हाच ठरला. दुसरा मार्ग औषध आधीच विरघळवून देण्याचा. गोळीतील साधारणतः ६० ते ८० टक्के डिजॉक्सिन शोषले जाते; द्रावण भरलेल्या मऊ कॅप्सूलमधून ९० ते १०० टक्के. म्हणूनच अशा कॅप्सूलमधील ०.२ मिलिग्रॅम हे गोळीतील ०.२५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचे मानले गेले. जर्मनीत तर मूळ रेणूलाच मिथिल गट जोडून अधिक शोषले जाणारे औषध तयार करण्यात आले.

मात्र शोषण वाढले म्हणजे काम झाले, असे नव्हे. १९७५ च्या अखेरच्या महिन्यांत इस्राएलमध्ये डिजॉक्सिनच्या विषबाधेचे रुग्ण एकाएकी वाढले. डॉक्टरांनी मात्रा बदललेली नव्हती, रुग्णांनीही गोळ्या जास्त घेतल्या नव्हत्या. शोध घेता असे दिसून आले, की गोळी अधिक चांगली विरघळावी म्हणून उत्पादकाने तिची घडण बदलली होती, आणि डॉक्टरांना ते कळविलेच नव्हते. जुन्या, निकृष्ट गोळीवर बेतलेली मात्रा नव्या, चांगल्या गोळीमुळे विषारी ठरली. सुधारणेने रुग्ण आजारी पडावेत, ही गोष्ट कोणत्याही उत्पादकाने विसरण्यासारखी नाही. गोळ्या विरघळण्याचा वेग कारखान्यातच तपासण्याचे दंडक त्या दशकात कडक झाले, ते अशाच अनुभवांतून.

तथापि, गोळी निर्दोष असली तरी आतडी सर्वांची सारखी नसतात. आतड्याच्या पेशींत शिरलेले काही डिजॉक्सिन तेथील एक प्रथिन पुन्हा बाहेर ढकलते. क्विनिडीन दिल्यास त्या प्रथिनाला अडथळा होतो आणि रक्तातील पातळी चढते. शिवाय सुमारे दहांतील एका माणसाच्या आतड्यात असे जंतू असतात, की ते डिजॉक्सिनचा बराच भाग शोषणापूर्वीच निष्प्रभ करून टाकतात. अशा रुग्णाची मात्रा साहजिकच वाढवीत नेलेली असते. मग एखाद्या निराळ्याच दुखण्यासाठी त्याला एरिथ्रोमायसिन दिले, की त्या जंतूंचा नाश होतो आणि गोळी तीच असताना रक्तातील डिजॉक्सिन दुपटीपर्यंत वाढू शकते.