अडलेली बाळंतीण



अर्धापूरकडे केळीच्या बागांत राबणाऱ्या एखाद्या घरीं बाळंतीण अडली, कीं पहिला प्रश्न उठतो: कोठें न्यावें, आणि पैसा कोठून आणावा? स्वस्त शस्त्रक्रियेच्या शोधांत कांहींजण परमुलुख गांठतात. परंतु नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत तिला मोल पडत नाहीं. 1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांतील प्रसूतीची शस्त्रक्रिया, औषधें, तपासण्या, रक्त, 7 दिवसांचा आहार आणि जाण्यायेण्याचें वाहन, हें सारें विनामूल्य आहे.

तरीहि पाऊल अडखळतें. 2023 च्या ऑक्टोबरारंभीं याच रुग्णालयांत 24 तासांत 24 रुग्ण दगावले; त्यांत 12 अर्भकें होतीं. तेव्हां लोकांचें भय निराधार म्हणवत नाहीं. पण दूरच्या प्रवासांत जाणारा वेळ बाळंतिणीच्या जिवावर बेततो, हेंहि तितकेंच खरें.

यास्तव नववा महिना लागतांच कोठें जावयाचें तें ठरवावें; 102 व 108 हे वाहनांचे क्रमांक घरांतील प्रत्येकास ठाऊक असावेत. औषध बाहेरून आणावयास सांगितलें, तर चिठ्ठी जपून ठेवावी आणि दाद मागावी. ही मेहेरबानी नव्हे, मातेचा हक्क आहे.