वाहत्या पाण्याचा हिशेब



उत्पादनखर्चाचा हिशेब आपण स्वतः मांडायला शिकलो, तेव्हा कुठे कापसाच्या भावावर ताठ मानेने बोलता आले. आज आपण पाण्याचा हिशेब मांडू.

ऑस्ट्रेलियातली डार्लिंग नदी कोरड्या मुलखातून वाहते. तिच्या वरच्या अंगाला ओलिताचा कापूस होतो. १९९१ साली दुष्काळात धार मंदावली आणि सुमारे १००० किलोमीटर नदी विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाने भरली. गुरे मेली. सरकारला आणीबाणी पुकारावी लागली.

शेवाळाला स्फुरद लागते, ऊन लागते आणि निवांत पाणी लागते. पाणी थबकले की वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, दोन्ही मिसळत नाहीत. या शेवाळाच्या अंगात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. ते वर तरंगते आणि ऊन खाऊन वाढते. धार असली की ते ढवळून गढूळ पाण्याच्या अंधारात जाते आणि उपाशी राहते. अभ्यासकांनी त्या नदीसाठी मर्यादा काढली: सेकंदाला ५ सेंटिमीटर. वेग त्याखाली गेला की धोका.

आता बोटांवर मोजू. बंधाऱ्यामागे २० किलोमीटरचा डोह धरा. शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होते असे धरा. सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने पाणी साडेचार दिवसांत डोह ओलांडते. तेवढ्यात एकाचे पाच होतात. वेग १ सेंटिमीटरवर आला तर २३ दिवस लागतात, आणि एकाचे जवळजवळ तीन हजार होतात. धार पाचपट कमी, शेवाळ सहाशेपट!

म्हणून नदीत किती पाणी सोडायचे हा दयेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. वरचा शेतकरी चोर आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही पीक जगवायचे असते. पण नुसता हिशेब मांडून भागत नाही, तो पाळावा लागतो. २०१८-१९ च्या तिकडच्या उन्हाळ्यात त्याच नदीवर मेनिंडी इथे पुन्हा शेवाळ माजले. मग हवा एकाएकी गार झाली, थर मिसळले, पाण्यातला प्राणवायू संपला आणि लाखो मासे मेले.

आपल्या डोहावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर तिथे गुरे पाजू नका. ते पाणी उकळूनही विष जात नाही. आणि बंधाऱ्याच्या फळ्या टाकणाऱ्याला एवढे विचारा: खाली धार किती ठेवली?