गर्जणारी गिटार आणि फाटलेला आवाज

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी साधली, म्हणजे स्वर भरून येतो. तशीच झणझण एखाद्या सैल सांध्यांतून येऊं लागली, तर गवई वाद्य खालीं ठेवतो. झणझण दोहोंकडे आहे. परंतु एक साधलेली, तर दुसरी शिरलेली. मोठ्या आवाजांत वाजणाऱ्या विजेच्या गिटारीचें ध्वनिमुद्रण करणाऱ्यासही नेमका हाच विवेक करावा लागतो.

गिटारीचा अँप्लिफायर त्याच्या शक्तीच्या सीमेपलीकडे रेटला, म्हणजे स्वरलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरांत नसलेले वरचे स्वरांश त्यांतून उत्पन्न होतात. यालाच व्यवहारांत आवाज फाटणें असें म्हणतात. वादक तो जाणूनबुजून फाडतो, कारण त्या वाद्याचा दम आणि धार त्यांतूनच येते. १९६६ सालीं लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागांतील डेक्का कंपनीच्या स्टुडिओंत जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' वृंदाचें ध्वनिमुद्रण झालें. तेव्हां, रंगमंचावर वाजवितों तितक्याच जोरानें येथेंही वाजविणार, असा आग्रह नुकती विशी ओलांडलेल्या एरिक क्लॅप्टननें धरला आणि आपला मार्शल अँप्लिफायर त्यानें उतरविला नाहीं. स्टुडिओच्या तेव्हांच्या रीतीला तें सोडून होतें. पण त्याच वर्षीं क्लॅप्टन त्या वृंदांतून बाहेर पडला. मुद्रण बिघडलें असतें, तर तो मेळ पुन्हां जमला नसता. अशा प्रसंगीं ध्वनिमुद्रकापुढें पेंच पडतो तो हा: वादकानें फाडलेला आवाज जसाच्या तसा टिपावा, पण त्यांत आपल्या यंत्रांची फाट मिसळूं देऊं नये.

अँप्लिफायरपासून मुद्रित ध्वनीपर्यंतच्या वाटेवर कित्येक टप्पे आहेत: लाउडस्पीकर, मायक्रोफोन, त्याचा क्षीण विद्युत्संदेश वाढविणारा प्रीअँप्लिफायर, त्या संदेशाचें अंकांत रूपांतर करणारें यंत्र आणि शेवटीं ऐकण्याचें साधन. यांतील प्रत्येक टप्पा एका भांड्यासारखा आहे. भांडें भरल्यावर ओतलेलें पाणी सांडतें, आणि पुढच्या भांड्याची तोटी बारीक केल्यानें तें परत येत नाहीं. म्हणूनच मुद्रण झाल्यावर पातळीची दांडी खालीं ओढली, तर फाटलेला आवाज हळू होतो, निर्दोष होत नाहीं. दोष मागें कोठें तरी आहे, एवढें मात्र त्यावरून निश्चित कळतें.

शोध उगमापासून आरंभावा. कानांचें रक्षण करून, स्पीकरच्या समोर नव्हे तर बाजूस उभें राहून वाद्य ऐकावें. खरखर तेथेंच असेल, तर मायक्रोफोनला दोष देण्यांत अर्थ नाहीं. स्पीकरचा फाटलेला कागद, पेटीचा ढिला स्क्रू किंवा शेजारच्या ड्रमखालच्या तारा हीं तिचीं नेहमींचीं स्थानें होत. अशी खरखर बहुधा ठराविक स्वरांनाच उमटते. उलट खोलींत आवाज योग्य आणि हेडफोनमध्यें मात्र फाटका, असें असल्यास प्रथम हेडफोनच उतरवून पाहावा. खोलींतील गोंगाटावर मात करण्यासाठीं तो पुष्कळदां कमालीचा चढविलेला असतो.

मग मायक्रोफोन. गर्जणाऱ्या अँप्लिफायरच्या अगदीं पुढ्यांत आवाज १२० डेसिबेलच्याही वर जाऊं शकतो. साधा डायनॅमिक मायक्रोफोन हा मारा सहसा सोसतो. कंडेन्सर मायक्रोफोनच्या पोटांत मात्र स्वतःचा लहानसा अँप्लिफायर असतो, आणि तो तेथेंच गुदमरतो. त्याला लागणारा, बहुधा ४८ व्होल्टांचा, पुरवठा पुरा मिळतो कीं नाहीं तें पाहावें, आणि त्याच्या अंगावर १० किंवा २० डेसिबेलची पॅडची कळ असल्यास ती लावावी. रिबन मायक्रोफोनच्या नाजुक पट्टीला अंतर हेंच उत्तम संरक्षण. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केल्यास आवाज सुमारें ६ डेसिबेलनीं उतरतो.

सर्वांत फसवा टप्पा प्रीअँप्लिफायरचा. ९४ डेसिबेलच्या आवाजाला साधा डायनॅमिक मायक्रोफोन जेमतेम २ मिलिव्होल्ट देतो. १३४ डेसिबेलला तोच त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारें एकपंचमांश व्होल्ट देतो. हळुवार गळ्यासाठीं चढविलेला गेन तसाच राहिला, तर येथें फाट पडणारच. गेन पुरता उतरवूनही ती राहिली, तर प्रीअँप्लिफायरच्या तोंडाशीं पॅड लावावें. अंकीय मुद्रणाचा कांटा उणे १२ डेसिबेल दाखवीत असेल आणि तांबडा दिवा लागला नसेल, तरीही आवाज फाटलेला असूं शकतो. कारण तो कांटा फक्त शेवटच्या भांड्याचा आहे. २४ बिटांच्या मुद्रणांत तें भांडें काठोकाठ भरण्याची गरजच नसते. ३२ बिटांच्या फ्लोट पद्धतीनें तें भांडें कितीही मोठें केलें, तरी मायक्रोफोनांत फाटलेला आवाज त्यानें शिवला जात नाहीं.

शोध करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, एवढें पथ्य पाळलें पाहिजे. मायक्रोफोन हलविला, गेन उतरविला आणि तारही बदलली, तर खरखर गेली तरी ती कशानें गेली, हें कळत नाहीं. आणि न कळलेला दोष पुन्हां परततो.

दोषाचें स्थान ओळखण्याचा लाभ केवळ तो घालविण्यापुरताच नाहीं. १९६१ सालीं गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यांत ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बास गिटारीची जी घरघर ऐकूं येते, ती नॅशव्हिलच्या स्टुडिओंतील यंत्राच्या बिघाडांतून शिरली होती. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं त्या बिघाडाचा छडा लावला आणि तीच घरघर मुद्दाम उत्पन्न करणारी विद्युत्-रचना बनविली. १९६२ सालीं 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें ती वादकांच्या पायाखालीं आली. शिरलेली झणझण अशा रीतीनें साधलेली झाली. ती कोठून येते हें ज्याला ठाऊक झालें, त्यालाच ती ठेवण्याचा आणि घालविण्याचा अधिकार प्राप्त होतो.