म्हातारचळ नव्हे, आजार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही घरातल्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आपण मात्र "म्हातारी चळली", "साठी बुद्धी नाठी" असे म्हणून मोकळे होतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या आत्याबाई म्हणजे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून लेकरं जगवलेली बाई. तो दुष्काळ, ती सुकडी, नामांतराचा लढा, सारे त्यांना तोंडपाठ. पण सकाळी जेवल्या की तासाभरात म्हणायच्या, "मला कुणी भाकर दिली न्हाई." पुढे म्हणू लागल्या, "सुनेनं माझे पैसे चोरले." शेजाऱ्यांना ते खरे वाटायचे. सुनेच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. आम्ही काय केलं? आधी आत्याबाईंवर रागावलो, मग सुनेवर संशय घेतला, शेवटी अंगारा-धुपारासुद्धा केला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! यात दीड वर्ष वाया गेले.

बंधूंनो, हा आजार मेंदूचा आहे. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत झालेले बिघाड जगापुढे मांडले. त्यांच्याच नावाने या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ओळखला जातो. यात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी बिघडतो. म्हणून सकाळची भाकर विसरते आणि पन्नास वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवतो. पैसे आपणच गाडग्यात ठेवले हे आठवत नाही, म्हणून चोरीचा आळ येतो. आत्याबाई खोटं बोलत नव्हत्या आणि सूनही चोर नव्हती.

लकव्याच्या लहान-मोठ्या झटक्यांनीही स्मृतिभ्रंश होतो. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसर पडतो, पण तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून तपासणी आधी. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला तर क्षणभरही थांबू नये, दवाखाना गाठावा. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो, एवढेच.

२०२३ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख लोकांना, हा आजार असल्याचे त्यात दिसले. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, खेड्यात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९ टक्के. न शिकलेल्यांत ते जास्त. आता विचार करा, खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली म्हातारी बाई म्हणजे कोण? आपलीच माय!

२०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती आयुष्यभर सांभाळली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले एक कारण म्हणजे लहानपणी कमी शिक्षण मिळणे. आपल्या पिढ्यांना शिक्षणापासून दूर ठेवले गेले, त्या नुकसानीच्या हिशोबात ही रक्कम धरायची राहून गेली होती. बाबासाहेब शिक्षणासाठी का तळमळत होते, याचा हा आणखी एक अर्थ. बाकीच्या कारणांत बीपी, शुगर, बहिरेपणा, अधू नजर, बिडी-सिगारेट, डोक्याला मार, एकटेपणा आणि अति दारू आहे. पंचशीलातले पाचवे शील आठवा.

मग ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांनी काय करावे? आपल्या शेजारच्या गोव्याने एक वाट दाखवली आहे. तिथे डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते सहा महिने नेमाने घरी जात. आजार समजावून सांगत, रुग्णाशी कसे वागावे ते दाखवीत, गरज पडल्यास मानसोपचार डॉक्टरांचा सल्ला मिळे. याने सांभाळ करणाऱ्या माणसाचे मन हलके झाले, त्याचा ताण कमी झाला. ते काही मोठे इस्पितळ नव्हते, माणसाने माणसाच्या दारी जाणे होते.

अतिसाराने आजारी पडून दुर्लक्षित राहिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, ही विनयपिटकातली कथा आपण दरवर्षी ऐकतो. ती ऐकून आपण घरी जातो आणि म्हातारीला "गप बस" म्हणतो. हे कसे चालेल?

म्हणून विनंती अशी. रुग्णाशी वाद घालू नका. "पैसे चोरले" म्हटले तर "चला, आपण मिळून शोधू" म्हणा. खाणे-झोपणे ठरल्या वेळी ठेवा. बाहेर भरकटले तर सापडावेत म्हणून खिशात किंवा पदराला नाव-फोनची चिठ्ठी लावा. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराचे उपचार सरकारकडून मिळणे हा आपला हक्क झाला आहे. मागायला लाजू नका.

आणि विहार समितीने चार तरुण-तरुणी निवडावेत. अशा घरी आठवड्यातून एक दुपार त्यांनी रुग्णाजवळ बसावे. तेवढ्यात त्या घरच्या सुनेला दोन तास झोप मिळेल. हेही दानच आहे.

आत्याबाई आता नाहीत. शेवटी आम्हा कुणाचेही नाव त्यांना आठवत नव्हते. पण वंदना सुरू झाली की त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. त्या दीड वर्षात आम्ही त्यांना जे बोललो, ते आता परत घेता येत नाही. तुमच्या घरी अजून वेळ आहे.