नागरी हक्क आणि मुलांचे ताट
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



‘नागरी हक्क’ हे शब्द कानावर पडले की आपल्यापैकी पुष्कळांना मोर्चा, पोलीस आणि कोर्टकचेरी आठवते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. परंतु हे काम आपल्या मुलांच्या ताटापर्यंत कसे पोहोचले, ते आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

1976 साली, आणीबाणीच्या काळात, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्यासाठी एक संघटना उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे, आपल्या सासवडचे, तिचे अध्यक्ष झाले. 1980 साली तिची फेररचना होऊन ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ हे नाव रूढ झाले. ही संघटना देणगीदार संस्थांचा पैसा घेत नाही. सभासदांच्या वर्गणीवर आणि पदरमोडीवर तिचे काम चालते.

2001 साली राजस्थानात दुष्काळ होता. गावोगाव लोक अर्धपोटी होते आणि त्याच वेळी सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. संघटनेच्या राजस्थान शाखेने त्या वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणे साधे होते : घटनेच्या 21 व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला आहे, मग अन्नावाचून जगावे कसे?

28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने हुकूम दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. किमान 300 उष्मांकांचे, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे, आणि वर्षातून किमान 200 दिवस. तोवर बहुतेक राज्ये मुलांच्या घरी कोरडे धान्य देत असत. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात शाळेतील जेवणाचा हक्क आला.

पालकहो, हुकूम झाला म्हणजे ताटात भात पडला, असे होत नाही. रेशन दुकानावर किती धान्य आले, किती वाटले, कोणाचे कार्ड रद्द झाले, हे गावात जाऊन पाहावे लागते. न्यायालयानेही देखरेखीसाठी आयुक्त नेमले. त्यांच्यापर्यंत खरी माहिती पोहोचविण्याचे काम निरनिराळ्या गावांतील कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केले. नागरी हक्काचे काम बहुतांशी असेच असते : जागेवर जाणे, दोन्ही बाजू ऐकणे, लिहून ठेवणे, अधिकाऱ्याला अर्ज देणे, पोच घेणे आणि पुन्हा विचारणे. यात टाळ्या कमी आणि हेलपाटेच जास्त.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो अर्ज कोणा एका जातीच्या वा धर्माच्या मुलांसाठी नव्हता. म्हणूनच तो सर्वांच्या उपयोगी पडला. आपल्या मोहल्ल्यावर अन्याय झाला तर आपण बोलावे, हे योग्यच. पण शेजारच्या वस्तीतील नळ बंद झाला, तिथल्या मुलाला शाळेने दाखला नाकारला, तरी आपली सही त्या अर्जावर असावी. दुसऱ्याच्या हक्कासाठी जो उभा राहत नाही, त्याच्या हाकेला तरी कोण धावेल?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. आपल्यापैकी किती माता त्या बैठकीला जातात? घरकाम आहे, रोजी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरीही पाळीपाळीने जा. तांदूळ कसा आहे ते पाहा. वहीत काय लिहिले आहे ते वाचून मगच सही करा.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आईला ते वाचून दाखविणे, अर्ज शुद्ध आणि मुद्देसूद लिहून देणे, हे तुमचे काम. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरापासून आणि गल्लीपासूनच होऊ द्या.